हिशेबतपासणीचा इतिहास आणि आपले भांडुप



महोत्सवाच्या वर्षी धर्मग्रामाने आपल्या पूर्वजांचे स्मरण करावे, ही रीत उचितच आहे. ख्रिस्तमंदिराची पायाभरणी केव्हा झाली, घंटा कोणी अर्पण केली, वेदीचे दगड कोणी वाहून आणले, हे अशा अंकांतून मोठ्या प्रेमाने सांगितले जाते. परंतु ह्या सर्वांच्या मागे एक वही असते आणि तिचे स्मरण सहसा कोणी करीत नाही. ती वही म्हणजे जमाखर्चाची कीर्द. गरीब विधवेने पेटीत टाकलेले नाणे आणि सधन गृहस्थाने दिलेली मोठी देणगी ह्या दोहोंची नोंद त्याच वहीत एकाखाली एक होते. ती वही खरी आहे की नाही, हे दुसऱ्या कोणी पाहिले काय, ह्या प्रश्नातूनच हिशेबतपासणीची विद्या जन्मास आली. त्या विद्येचा इतिहास थोडक्यात सांगावा, असा ह्या लेखाचा हेतू आहे. विषय रुक्ष वाटेल. तथापि २०१९ साली आपल्याच भांडुपात जे घडले, त्यानंतर तो कोणत्याही कुटुंबास परका राहिलेला नाही.

प्राचीन आरंभ

इंग्रजीत ज्यास ऑडिट म्हणतात, तो शब्द लॅटिन भाषेतील ‘ऐकणे’ ह्या अर्थाच्या धातूपासून आला आहे. पूर्वी लिहितावाचता येणारे थोडे असत. म्हणून कारभारी आपला हिशेब मोठ्याने वाचून दाखवी आणि मालक किंवा त्याचा नेमलेला मनुष्य तो ऐकून शंका विचारी. लूकच्या शुभवर्तमानातील धनी आपल्या कारभाऱ्यास बोलावून कारभाराचा हिशेब मागतो, तो प्रसंग आपणां सर्वांस ठाऊक आहेच.

जुन्या करारात राजा योआश ह्याच्या काळची हकीकत आहे. मंदिराच्या दुरुस्तीसाठी झाकणास भोक पाडलेली एक पेटी वेदीजवळ ठेविली होती. ती भरली म्हणजे राजाचा लेखक व प्रमुख याजक हे दोघे मिळून पैसे मोजीत. एकट्या याजकाच्या हाती ते काम ठेविले नव्हते, ही गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. पुढे प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा त्यानेही मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू सोबत घेतला. देवासमोर आपण निर्दोष असणे पुरेसे नाही, मनुष्यांसमोरही तसे दिसले पाहिजे, असा त्याचा आशय होता. पौलाच्या प्रामाणिकपणाविषयी कोणास संशय होता म्हणून त्याने हे केले नाही. संशयास जागाच उरू नये, म्हणून त्याने हे केले.

एका संन्याशाचा ग्रंथ

आज जगभर चालणारी दुहेरी नोंदीची पद्धत प्रथम छापील ग्रंथात सविस्तर मांडणारा लेखक फ्रान्सिस्कन संघाचा एक धर्मगुरू होता. त्याचे नाव लुका पाचोली. १४९४ साली व्हेनिस शहरी त्याचा गणितावरील मोठा ग्रंथ छापून निघाला; त्यात व्यापाऱ्यांच्या हिशेबवह्यांविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. ही पद्धत आपण शोधून काढली, असे त्याने म्हटलेले नाही. व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरीत होते. त्याने ती नीट लावून दिली. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहावयाचा, एका खात्यास नावे आणि दुसऱ्यास जमा. शेवटी दोन्ही बाजूंच्या बेरजा समान आल्या पाहिजेत. प्रारंभीच्या वह्यांवर पवित्र क्रुसाची खूण करण्याची चाल त्याने नमूद केली आहे, आणि वह्या सरकारी कचेरीत नेऊन त्यांवर मोहर करून घ्यावी, असेही तो सांगतो. कारण तसे केल्याने कोणास दोन प्रकारच्या वह्या ठेवून एक विकत घेणाऱ्यास व दुसरी विकणाऱ्यास दाखविणे अवघड जाते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचा आणखी एक उपदेश महत्त्वाचा आहे. खतावणी तपासावयाची असेल तर एकट्याने तपासू नये. सोबत्यास बोलवावे, त्याच्या हाती कीर्द द्यावी, खतावणी आपल्याकडे ठेवावी. त्याने एकेक कलम वाचावे, आपण ते खतावणीत शोधावे आणि सापडल्यावर खूण करावी. आपल्या मराठीत ह्यास रुजुवात म्हणतात. दोन स्वतंत्र कागद आणि दोन स्वतंत्र माणसे, एवढेच ह्या विद्येचे बीज आहे. पुढील पाचशे वर्षांत जे कायदे आणि परीक्षा निर्माण झाल्या, त्या ह्याच बीजाचा विस्तार होत.

साष्टीतील दोन परंपरा

आपले भांडुप पूर्वीच्या साष्टी बेटातील गाव. सोळाव्या शतकापासून १७३७ सालापर्यंत हा प्रदेश पोर्तुगीजांकडे होता. पोर्तुगीज परंपरेतील ख्रिस्तमंदिरांत मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या मंडळास फाब्रिक म्हणत आणि संतांच्या नावाने चालणाऱ्या भक्तमंडळांस कॉन्फ्रारिया. त्यांत धर्मगुरूंबरोबर सामान्य धर्मजनही कारभार पाहत. १५६२ च्या सप्टेंबर महिन्यात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने असा नियम केला होता की, ख्रिस्तमंदिराचे फाब्रिक, रुग्णालय, भक्तमंडळ अथवा दानधर्माची कोणतीही संस्था चालविणाऱ्याने, मग तो धर्मगुरू असो वा प्रापंचिक, दरवर्षी आपल्या कारभाराचा हिशेब महागुरूंस सादर करावा. म्हणजे हिशेब देणे ही अलीकडच्या सरकारने आपल्यावर लादलेली गोष्ट आहे, असा जो समज कित्येकांच्या मनात असतो, तो खरा नव्हे. पवित्र मातृसभेने ती शिस्त साडेचारशे वर्षांपूर्वीच स्वतःस लावून घेतली आहे.

१७३७ ते १७७४ ह्या काळात साष्टीवर मराठ्यांचा अंमल होता. पेशवाईतील हिशेबाची शिस्तही बोध घेण्याजोगी आहे. मामलेदाराच्या जोडीस मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार असे दरखदार असत. त्यांची नेमणूक हुजुरातून होई आणि मामलेदारास त्यांना काढून टाकिता येत नसे. खर्च करणारा एक आणि तो लिहून त्यावर शिक्का देणारा दुसरा. शिवाय हा दुसरा पहिल्याचा ताबेदार नव्हे! लेखापरीक्षकाचे स्वातंत्र्य म्हणून आज जे तत्त्व शिकविले जाते, ते ह्याहून वेगळे नाही. ताळेबंद, झडती, रुजुवात, ताळा हे शब्द त्याच दफ्तरांतून आपल्या भाषेत रुळले.

आगगाडी, बँक आणि कायदे

इंग्रजी अमलात भांडुपचे नाव एका मोठ्या उद्योगाशी जोडले गेले. मुंबई सरकारचे मुख्य इंजिनियर जॉर्ज क्लार्क हे १८४३ साली भांडुपास आले असता मुंबईहून ठाणे, कल्याण व पुढे घाटांपर्यंत लोहमार्ग न्यावा, ही कल्पना त्यांस प्रथम सुचली, अशी नोंद आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली उतारू गाडी धावली. ह्या कथेचा हिशेबाशी संबंध असा की, १८४९ च्या करारान्वये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीच्या भागीदारांस शेकडा पाच व्याजाची हमी मिळाली होती. नफा कमी पडल्यास तूट सरकारी तिजोरीतून, म्हणजे अखेर रयतेच्या करातून भरून निघावयाची. जेथे तोटा दुसऱ्याच्या पदरी पडतो, तेथे काटकसरीची काळजी कोण करणार? म्हणून कंपनीच्या खर्चावर देखरेख करण्याचा अधिकार करारातच राखून ठेवावा लागला. पैसा एकाचा आणि कारभार दुसऱ्याचा, अशी स्थिती आली की तपासनीस लागतोच.

त्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबईने ह्याचा कडू अनुभव घेतला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे येथील कापसास अतोनात भाव आला. पैशाचा पूर लोटला आणि नवनव्या कंपन्यांचे भाग भरमसाट किमतीस विकले जाऊ लागले. १८६५ साली युद्ध संपताच तो फुगा फुटला. बँक ऑफ बाँबे ही सरकारी भागीदारीची पेढी त्यात बुडाली आणि १८६८ मध्ये ती मोडीत काढावी लागली. चौकशीस बसलेल्या मंडळाने संचालकांची हयगय, चिटणिसांच्या हाती गेलेले अनिर्बंध अधिकार आणि १८६३ च्या कायद्याने सैल झालेली कर्जाची बंधने ही कारणे दाखविली.

असे ठेच लागून शहाणपण येत गेले. १९१३ च्या कंपनी कायद्याने हिशेबतपासनिसाच्या पात्रतेचा प्रश्न हाती घेतला. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले आणि व्यापारी शिक्षणास प्रतिष्ठा आली. १९१८ पासून मुंबई सरकारने हिशेबविद्येची पदविका सुरू केली. अनुभवी हिशेबनिसाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी केल्याशिवाय ती मिळत नसे. पुढे १ जुलै १९४९ रोजी चार्टर्ड अकाउंटंट्सची राष्ट्रीय संस्था अस्तित्वात आली. तिचे पहिले अध्यक्ष मुंबईचे गोपाळदास कपाडिया हे होत. उमेदवारीचा काळ १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत दोन वर्षांवर आला आहे. परंतु ही विद्या केवळ पुस्तकातून येत नाही, कोणाच्या तरी शेजारी बसून खऱ्या वह्या चाळाव्या लागतात, हे तत्त्व कायम आहे.

सहकाराच्या क्षेत्रातही हीच शिस्त आली. १९१२ च्या कायद्याने प्रत्येक सहकारी संस्थेचे हिशेब वर्षातून एकदा तरी तपासले जाण्याची जबाबदारी निबंधकावर टाकिली. ह्याच काळात, १९१८ साली, वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस ह्यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक सहकारी पतसंस्था उभी राहिली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. आपल्या समाजातील अल्पबचतीचा पैसा एकत्र आला, तो परस्परांच्या विश्वासावर. त्या विश्वासास वार्षिक तपासणीची जोड होती, हे विसरून चालणार नाही.

भांडुपचा धडा

आता आपल्या दाराशी येऊ. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक १९८४ साली स्थापन झाली. तिची मुख्य कचेरी भांडुप पश्चिमेस लालबहादूर शास्त्री मार्गावर होती. १३७ शाखा, सुमारे नऊ लाख ठेवीदार आणि साडेअकरा हजार कोटी रुपयांहून अधिक ठेवी, असा तिचा पसारा होता. २०१८-१९ च्या ताळेबंदात बँकेने सुमारे शंभर कोटींचा निव्वळ नफा दाखविला होता. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदारास सहा महिन्यांत आपल्याच पैशांतून केवळ १,००० रुपये काढिता येतील, असे जाहीर झाले. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली. परंतु त्या सप्टेंबरमध्ये कोणाची शाळेची फी, कोणाचे इस्पितळाचे बिल, कोणाच्या मुलीच्या लग्नाची तरतूद अडकून पडली. पुढील वर्षीच्या हिशेबात तोटा ६,८३५ कोटी रुपयांचा निघाला.

काय झाले होते? बँकेने बांधकाम व्यवसायातील एकाच समूहास साडेसहा हजार कोटींहून अधिक कर्ज दिले होते. एकूण कर्जाचा हा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग होय. ते झाकण्यासाठी ४४ बुडीत खात्यांच्या जागी २१,००० हून अधिक काल्पनिक खाती दाखविली, असा आरोप बँकेच्या प्रशासकांकडून नोंदविलेल्या तक्रारीत आहे. व्यक्तींच्या दोषादोषाचा निवाडा न्यायालयांचा आहे. आपण केवळ त्यातील हिशेबाची बाजू पाहू. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांस दिलेली यादी आणि बँकेच्या प्रत्यक्ष नोंदी ह्यांचा मेळ नव्हता, असे त्या आरोपाचे सार आहे. पाचोलीचा उपदेश येथे आठवतो: एकाने यादी वाचावी, दुसऱ्याने ते नाव खतावणीत शोधावे. संगणकाच्या युगातही ह्या साध्या रुजुवातीस पर्याय नाही.

१८९६ साली इंग्लंडच्या न्यायालयात किंग्स्टन नावाच्या एका कापसाच्या गिरणीचा खटला गाजला होता. व्यवस्थापकाने मालाचा साठा वर्षानुवर्षे फुगवून दाखविला आणि तपासनिसांनी त्याच्या दाखल्यावर भिस्त ठेविली. तपासनीस हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, ह्या अर्थाचा निर्णय देऊन न्यायाधीशांनी त्यांस मोकळे केले. परंतु १९३८ साली अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स ह्या औषध कंपनीच्या वहीत अस्तित्वातच नसलेला कोट्यवधी डॉलरांचा माल व येणे आढळले, तेव्हा नियम पालटले. तपासनिसाने साठा स्वतः डोळ्यांनी पाहावा, ऋणकोस थेट पत्र पाठवून येणे खरे आहे काय हे विचारावे, अशी रीत पडली. राखणीच्या कुत्र्यानेही भुंकले तर पाहिजेच, आणि त्यासाठी जागे असले पाहिजे.

२५ जानेवारी २०२२ पासून ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. प्रत्येक ठेवीदारास ठेवविम्याची पाच लाखांपर्यंतची रक्कम मिळाली. त्याहून मोठ्या वैयक्तिक ठेवींस दहा वर्षांपर्यंतचे हप्ते लागले, आणि संस्थांच्या विम्याबाहेरील ठेवींपैकी ८० टक्के रक्कम प्राधान्य भागांत बदलली गेली. धर्मादाय व गृहनिर्माण संस्थांच्या कारभाऱ्यांनी हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे.

आपल्या धर्मग्रामास ह्यातून काय शिकावयाचे?

धार्मिक संस्थांसाठी आपल्या राज्यात १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम लागू आहे. मंदिर, मठ, अग्यारी ह्यांप्रमाणे ख्रिस्तमंदिरही त्याच्या कक्षेत येते. वार्षिक हिशेब पात्र तपासनिसाकडून तपासून घेणे त्यान्वये बंधनकारक आहे. अनियमित, बेकायदेशीर वा अनुचित खर्च, वसुलीतील हयगय, पैशाची हानी किंवा उधळपट्टी आढळल्यास ती नमूद करणे हे तपासनिसाचे कर्तव्य ठरविले आहे. १९८३ चा धर्मसभेचा कायदाही प्रत्येक धर्मग्रामात वित्तसमिती असावी, जमाखर्चाच्या वह्या नीट ठेवाव्यात, वर्षअखेरीस अहवाल द्यावा आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांस दाखवावा, असे सांगतो.

ह्या विद्येची तत्त्वे समजण्यास पदवीची गरज नाही. पहिले तत्त्व असे की, प्रत्येक नोंदीच्या मागे पुरावा हवा. पावतीवाचून जमा नाही, आणि बिलावाचून खर्च नाही. दुसरे, पैसे हाताळणारा आणि वही लिहिणारा एकच नसावा. रविवारचे दान दोघांनी मिळून मोजावे, आकडा तेथेच लिहून दोघांनी सही करावी आणि सर्व रक्कम बँकेत भरावी. त्यातून परस्पर खर्च करू नये. तिसरे, महिन्यातून एकदा आपल्या बँकवहीचा व बँकेच्या उताऱ्याचा मेळ घालावा. चौथे, कागदावर जी वस्तू आहे ती प्रत्यक्षात आहे काय, हे पाहावे. चांदीचे पूजापात्र, जमिनीचे दस्त, मुदत ठेवींच्या पावत्या वर्षातून एकदा बाहेर काढून यादीशी ताडून घ्याव्यात, आणि ठेवीची खात्री बँकेकडून थेट लेखी मागवावी. पाचवे, ज्या कामासाठी दान मिळाले, त्याच कामी ते लागले की नाही, हे तपासावे. गरिबांसाठी आलेला पैसा रंगरंगोटीस वापरणे हा हिशेबाचाही दोष आहे आणि न्यायाचाही.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. तपासनीस प्रत्येक कागद पाहत नाही. तो निवडक व्यवहार तपासून आपले मत देतो. त्याचा दाखला हा अभिप्राय होय, विमा नव्हे. दाखल्यावर सही झाली म्हणजे विश्वस्तांचे डोळे मिटावयास मोकळे झाले, असे कोणी समजू नये. वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जात असता जे धर्मजन घड्याळाकडे पाहतात, ते आपल्या वाट्याची राखण सोडून देतात.

आपल्यांतील पुष्कळ सज्जन म्हणतात, “फादर, आपल्या माणसांवर विश्वास आहे, मग वह्या कशाला पाहावयाच्या?” त्यांस माझे नम्र उत्तर असे. प्रामाणिक खजिनदारास तपासणीपासून भय नाही. उलट उद्या कोणी कुजबुज केली तर तीच त्याची ढाल आहे. योआशच्या पेटीपासून भांडुपच्या बँकेपर्यंतच्या साऱ्या इतिहासाचे तात्पर्य एवढेच की, तपासणी ही अविश्वासाची खूण नसून विश्वासाची राखण आहे. जेथे ती विश्वासाच्या नावाखाली सोडून दिली जाते, तेथे शेवटी विश्वासच बुडतो. आणि त्याची किंमत ज्याच्याजवळ थोडे होते, त्यास सर्वांत अधिक द्यावी लागते.

ह्या महोत्सवी वर्षी आपल्या तरुण मुलामुलींपैकी काहींनी वाणिज्यशाखेचे शिक्षण घेत असता धर्मग्रामाच्या वह्या वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून शिकाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांच्या हातून ही राखण पुढील पिढीकडे जावो, आणि जो आपणां सर्वांच्या कारभाराचा अखेरचा हिशेब ऐकणार आहे, तो दयाळू परमेश्वर आपणांस त्या दिवशी विश्वासू कारभारी म्हणून ओळखो.